अकरा नंबरचं वांगं

प्रिय संघप्रिया,

जय भीम.

पाकिटावरचं माझं अक्षर पाहिलंस तर तू पत्र न उघडताच उशाखाली सारशील, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून पत्ता अंगणवाडीतल्या मदतनीस बाईकडून लिहून घेतला. आता फसून उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. मधेच फाडायचं असेल तर फाड, पण मग तुकडे जुळवून वाचावं लागेल, कारण यात जे आहे ते तुला दुसरं कोणी सांगणार नाही. फोन तू घेत नाहीस. तुझ्यासोबत खोलीत राहणाऱ्या पुनमला केला की ती बिचारी "काकू, जेवते ती, झोपते, दुकानात जाते" एवढं सांगते आणि मागून कुणी बोलावल्यासारखं करून ठेवून देते. तिला म्हणावं, नाटक करायचं तर वडशाच्या नाटक कंपनीत नाव लाव, तिथं तरी टाळ्या मिळतील.

तू बल्लारपुरात कापडाच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालतेस, याची मला लाज नाही. काम ते काम. तुझ्या आजीनं जन्मभर लोकांचं धान रोवलं आणि ताठ मानेनं रोवलं. पण वांग्याचं पान उलटं करून त्यावरचे कोळी भिंगातून मोजणारी माझी पोरगी घड्या घालते, कारण कोणीतरी तिला खोटारडी म्हटलं, याने माझ्या जिवाची आग होते. हा उन्हाळा सरला की शेतकी कॉलेजातून तुझं नाव कमी होणार आहे. तू पुनमला म्हणालीस म्हणे, ते सगळं संपलं. संपलं असं तू म्हणून चालत नाही, संघू. मी दहावी झाले तेव्हा तुझे आजोबा गावभर पेढे वाटत फिरले होते. तू तर पीएचडीच्या दारात उभी होतीस. त्या दारातून तुला ज्या गोष्टीनं मागे लोटलं, तिच्याबद्दल मला सांगायचं आहे. पण ती एकदम सांगता येत नाही, माझ्याच्यानं होत नाही. थोडं इकडचं तिकडचं लिहू दे, मग येते तिथं.

इकडे ऊन असं आहे की दुपारी वैनगंगेकडे बघवत नाही. पात्रात पाण्याची एक बारीक धार उरली आहे, बाकी नुसती रेती. मोहफुलं वेचून झाली. ठमाबाईच्या नातीला मुलगा झाला. ठमाबाई आता बाळंतिणीच्या मागे लागली आहे, त्यामुळे बचतगटाच्या बायकांना जरा श्वास घ्यायला मिळतो. अंगणवाडीचा पंखा बंद पडला तो पडलाच. मुलं अर्ध्या चड्डीवर येतात आणि फरशीवर पोट टेकून झोपतात. मलाही तसंच झोपावंसं वाटतं, पण सेविकेनं तसं झोपलेलं सरकारला चालत नाही.

तुला आठवतं का, पहिल्या वर्षी तू कॉलेजातून वांग्याच्या बियांच्या पुड्या घेऊन आलीस तेव्हा बाबांनी त्या देव्हारा असता तर देव्हाऱ्यात ठेवल्या असत्या, इतक्या जपून बुद्धाच्या तसबिरीखालच्या फळीवर ठेवल्या. प्रत्येक पुडीला नंबर. तू अंगणात बसून आम्हा दोघांना शिकवलंस. उन्हाळ्यात वांग्यावर लाल कोळी येतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पानाच्या पाठीवर तिखटाची पूड सांडल्यासारखा वाटतो. तो पानाचा रस पितो, मग पानावर पांढरे ठिपके येतात, पान तांबूस होतं, वर जाळं धरतं आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. माणसं घाबरून औषध मारतात. त्या औषधानं कोळ्यांना खाणारे चांगले किडेच आधी मरतात आणि कोळी दुपटीनं वाढतो. म्हणून तुला असं वांगं शोधायचं होतं, जे कोळ्यालाच नको होईल. हे सगळं तू इतकं सोपं करून सांगितलंस की मला वाटलं, ही उद्या मास्तरीण झाली तर पोरं घरी जायचं नाव घेणार नाहीत.

आणि मग तू तुझा नियम सांगितलास. आपल्या भाजीच्या वाडीत वीस ओळी लावायच्या, मधे मधे कोळ्याला सगळ्यात आवडणाऱ्या गुळगुळीत पानाच्या वांग्याची ओळ, म्हणजे तिथून कोळी सगळीकडे सारखे पसरतील. मी तिला कोळ्यांची खानावळ म्हणायची आणि तू चिडायचीस. औषध मारायचं नाही. कोणालाही वाचवायचं नाही. कोळ्यांना पोटभर खाऊ द्यायचं, आणि कोण उभं राहतं ते बघायचं. तू हे बोलत होतीस तेव्हा मी बाबांकडे बघत होते. कोंबडीनं रोप उकरलं तरी दिवसभर न जेवणारा हा माणूस. तू म्हणालीस, "बाबा, झालं ना कबूल?" त्यांनी मान हलवली. एवढ्यात आत जाऊन त्यांनी तांब्याच्या डब्यातून आजीच्या काटेरी वांग्याचं बी आणलं आणि तुझ्यासमोर धरलं.  तू हसलीस, एक रिकामी पुडी घेतलीस, त्यात ते बी घातलंस आणि वर अकरा लिहिलंस, कारण अकरा नंबरची तुझी पुडी भिजून खराब झाली होती.

त्या वांग्याची गोष्ट तुला माहीत आहे, पण मी पुन्हा सांगते, कारण पुढचं त्याच्याशिवाय कळायचं नाही. आजी लग्न होऊन आली तेव्हा तिच्या माहेराहून काही आलं नव्हतं. लुगड्याच्या गाठीत हे बी होतं. लहान, गोल, देठाला काटे, पानाला लव, तोडताना बोटं खाजायची. भरीत मात्र असं की शेजारच्या घरातला माणूस भाकर घेऊन यायचा. आजी गेली तेव्हा बाबांच्या वाट्याला ना शेत आलं ना घर, ते त्यांनी नंतर स्वतः उभं केलं. त्यांच्या वाट्याला हे वांगं आलं. दर वर्षी पहिलं चांगलं फळ ते झाडावरच पिकू द्यायचे, पिवळं होईस्तोवर, आणि त्याला हात लावला की माझ्यावर खेकसायचे.

दोन उन्हाळे तू दर शनिवारी हॉस्टेलवरून येऊन पानं मोजलीस. एकेक ओळ वाळत गेली. खानावळ तर आधीच बसली. पण अकरा नंबर उभं राहिलं. हिरवंगार, आजूबाजूला सगळा कोळसा आणि मधे ते. तू वाडीतून धावत आलीस तो दिवस मला विसरायचा नाही. पायात चप्पल नव्हती. तुला वाटलं पानावरची लव कोळ्याला चालू देत नाही, आणि तू मला हाताला धरून तेच तीन तीन वेळा समजावलंस. बाबा ओट्यावर बसून ऐकत होते आणि डोळे पुसत होते. मी त्यांना चिडवलं, की सासूबाई जिवंत असत्या तर आता मला काट्याचं भरीत करायला लावलं असतं. ते हसले नाहीत. मला वाटलं आनंदानं गहिवरले.

मग ते बी आपण गावातल्या बायकांना दिलं. ठमाबाईनं नातीच्या लग्नातलं आलू-वांगं आपल्याच वाडीतल्या वांग्याचं करणार, असं सोयऱ्यांना सांगून टाकलं. तू घरोघर जाऊन सांगितलंस, औषध मारू नका, गरज नाही. त्या पोरी, त्या म्हाताऱ्या, ज्या मला अंगणवाडीच्या खिचडीवरून बोल लावतात, त्या तुझं ऐकून घेत होत्या. मी दारात उभी राहून बघायची. आईच्या मनाला यापेक्षा काय लागतं.

पुढचं तुला सांगायला नको, पण मी लिहिते, कारण तू ते तुझ्या बाजूनं पाहिलंस. गेल्या उन्हाळ्यात बायकांच्या वाड्या एकामागून एक तांबूस झाल्या. ठमाबाईच्या नातीच्या लग्नात वांगी वडशाच्या बाजारातून आणली. पंगतीत तिनं भरल्या मांडवात सांगितलं, की हे आमच्या साइंटिस्ट बाईच्या कृपेचं इकतचं वांगं आहे, जपून खा. लोक हसले. तू भाताचं ताट तसंच ठेवून उठलीस. कॉलेजच्या शेतात तू लावलेलं अकरा नंबरही जळून गेलं. आणि आपल्या वाडीत? आपल्या वाडीत ते उभंच होतं. तिथंच सगळं फिरलं. बायका बांधावर येऊन बघून गेल्या आणि गावात एक म्हण तयार झाली, "चांगलं बी घरात, पोचट बी गावात." आणि तुझ्या गाईड मॅडमनी विचारलं, की सगळीकडे मरतं आणि फक्त तुझ्या घरी जगतं, तर हे दोन वर्षांचे आकडे तू नेमके कुठून आणलेस? दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. तू रात्रंदिवस तीच पानं पुन्हा पुन्हा मोजत राहिलीस. शेवटी एकदा चुलीपाशी येऊन मला विचारलंस, "आई, मला दिसलं तेच मी लिहिलं ना गं?" मी हो म्हटलं, पण माझा आवाज बारीक आला आणि तू तो ऐकलास. दिवाळी झाली आणि तू बॅग भरलीस.

आता ऐक. या वर्षीही बाबांनी माघात रोपं लावली. बाकीचे नंबर नाहीत, फक्त अकरा. डब्यात होतं तेवढं सगळं बी. मी म्हटलं, कशाला आता, कोणासाठी? ते रोपांभोवतीची माती दाबत राहिले. होळीनंतर त्यांना ताप आला, असा की अंथरुणातून उठवेना. मी म्हटलं पाण्याचं मी बघते, सकाळी अंगणवाडीच्या आधी जाऊन येते. तू जाणतेस, वाडीचं पाणी नेहमी तेच करतात, पहाटे पहाटे. मी कधी जात नाही, मला चूल असते. मी बादली उचलली आणि दारातून बाहेर पडणार, तर ते पडल्या पडल्या म्हणाले, "अकरा नंबरले खालून पाणी मारजो. पानं उलटून. नाईतर थे लाल पूड बसते."

इतक्या सहज म्हणाले, संघू. गाईला पेंड घाल म्हणावं तसं. मी उंबऱ्यात उभी. बादली हातात जड झाली तेव्हा ती खाली ठेवली. परत आत आले. विचारलं, "कवापासून धुता जी तुमी?" ते भिंतीकडे बघत होते. म्हणाले, "पह्यल्यापासून."

पहिल्या उन्हाळ्यापासून. रोज पहाटे. तू शनिवारी दहाच्या गाडीनं यायचीस, तोवर पानांवरचं पाणी सुकून जायचं. खालची माती ओली दिसली तर पाणी दिलेलंच असायचं. बाकीच्या कुठल्या ओळीला त्यांनी बोट लावलं नाही, तुझा शब्द पाळला. फक्त अकरा नंबर. एका हातानं पान उलटायचं, दुसऱ्या हातानं गडव्यानं पाणी मारायचं, एकेक पान, एकेक झाड. काट्यांनी बोटं सोलायची. मी विचारायची तर म्हणायचे बाभूळ लागली.

मी काय बोलले ते लिहीत नाही. तापात असलेल्या माणसाला कोणी बोलू नये असं बोलले. पोरीचं वाटोळं केलं तुम्ही, असं म्हणाले मी. ते ऐकत राहिले. मग उठून बसले आणि म्हणाले, "औषध कुठी मारलं मी? पाणीच त होतं." मी म्हटलं, तुम्हाला कळत नव्हतं का? तेव्हा ते जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते, कारण ते तुझं आहे: "मायचं वांगं होतं. पोरीच्या परीक्षेत नापास होऊन राह्यलं होतं. अन् मी बांधावर उभा राहून पाहू काय?"

माझा राग तिथंच मोडला. पूर्ण नाही मोडला, पण मोडला. या माणसाला परीक्षा एकच माहीत आहे. जिच्यात आपलं पोर पास व्हायला पाहिजे. तू दहावीला होतीस तेव्हा पहाटे तुझं तोंड धुवून द्यायचे, झोप जावी म्हणून, तसंच त्यांनी ते वांगं धुतलं. वांगं नापास झालं तरी ती तुझ्या कामाचीच गोष्ट आहे, मेलेलं झाडही उत्तरच देतं, हे तू सांगितलं होतंस. मी ऐकलं होतं. त्यांनीही ऐकलं होतं. पण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. बाकीची एकोणीस कार्टी त्यांनी डोळ्यांदेखत मरू दिली. आणि बी गावात गेलं तेव्हा? तेव्हा त्यांना खरंच वाटत होतं म्हणे, की तू एवढी शिकलेली, तू म्हणतेस तर पानाच्या लवेतच काहीतरी असेल. आपण थोडं पाणी मारलं त्यानं काय होतं. तुझ्या शब्दावर तुझ्यापेक्षा जास्त विश्वास त्यांनी ठेवला.

अंगात कसर होती तरी चौथ्या दिवशी ते उठले, पांढरा शर्ट घातला आणि ब्रह्मपुरीची एसटी पकडून पुढे तुझ्या कॉलेजात गेले. मला सांगून गेले नाहीत. संध्याकाळी परत आले तेव्हा चप्पल हातात होती, पट्टा तुटलेला. मॅडम भेटल्या. चांगल्या वागल्या, खुर्ची दिली, चहा दिला. यांनी सगळं सांगितलं, पहिल्या पहाटेपासून. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाबा, तुम्ही वडील आहात. तुमच्या जागी मी असते तर मीही हेच सांगितलं असतं." उंदराला मांजर साक्ष. तुझे बाबा आयुष्यात पहिल्यांदा साहेबापुढे खुर्चीत बसून स्वतःची चूक बोलले आणि ती कोणी खरी मानली नाही. ते मला म्हणाले, की खोटं बोललो असतो तर पटलं असतं.

निघताना मॅडमनी एक सांगितलं. हे नीट वाच. त्या म्हणाल्या, हे जर खरं असेल तर ते शेतात दिसलं पाहिजे. तेच बी, तीच माती, अर्धी झाडं धुतलेली, अर्धी न धुतलेली. संघप्रियानं स्वतः येऊन अर्ज करावा, मग कॉलेजातलं दुसरं कोणीतरी येऊन पानं मोजेल, बाप नाही आणि लेकही नाही. पण झाडं उभी असतानाच. वाळून गेलेल्या काड्यांवरून कोळी होता की ऊन होतं, ते कोणालाच सांगता येत नाही. तू आलीस तर मॅडम तुझ्यासाठी कॉलेजच्या कमिटीपुढे बसतील. तू नाही आलीस तर त्या एकट्या काही करू शकत नाहीत.

दुसऱ्याच दिवशी बाबांनी वाडी मधोमध विभागली. मी माझी जुनी पातळं दिली, ती बांबूला बांधून मधे पडदा केला, कोळी इकडून तिकडे जाऊ नये म्हणून. पलीकडची झाडं रोज धुवायची, अलीकडची नाही. दोन्हीकडे मुळाला पाणी सारखं. ठमाबाई एक दिवस येऊन कंबरेवर हात ठेवून उभी राहिली, की हे काय नवीन सोंग. मग मीच तिला सगळं सांगितलं. लपवून काय राहिलं होतं? मला वाटलं आता ही गाव गोळा करते. तिनं पडद्याच्या पलीकडचं एक पान उलटलं, अलीकडचं एक उलटलं, बोटाला लागलेली लाल पूड लुगड्याला पुसली आणि म्हणाली, "एवढंच होतं त सांगाचं नाई काय वो बाई? आमीबी धुतलं असतं." आणि निघून गेली. मी हसावं की रडावं, मला कळेना. त्या दिवसापासून ती कोणालाही दुसरं काही सांगत नाही. म्हण मात्र गावात अजून आहे, ती एवढ्यात जायची नाही.

पण बाबांचं सांगते. जो माणूस एक ओळ मरताना पाहू शकला नाही, तो आता रोज सकाळी अलीकडच्या झाडांपुढे बसतो. मुद्दाम बसतो. पलीकडची धुवून झाली की इकडे येऊन बसतो आणि पाहतो. आधी ठिपके आले, मग पानं तांबूस झाली, आता शेंड्यांवर जाळं धरलं आहे, उन्हात चमकतं. डब्यात बी उरलेलं नाही. बायकांकडचं गेल्याच वर्षी संपलं. पलीकडच्या झाडांना अजून एकही फळ पिकलेलं नाही, आणि या उन्हात ती तरी निघतील का, कोण जाणे. आजीचं म्हणून जे काही या जगात आहे ते या एवढ्याशा वाडीत आहे, आणि त्यातलं अर्धं ते स्वतःच्या हातानं मारत आहेत, तुझा शब्द खरा ठरावा म्हणून. जेवत नाहीत धड. दाढी वाढली आहे. माझ्याशी बोलतात ते फक्त एवढंच, की पोस्टमन आला होता काय. मी त्यांना सांगितलेलं नाही की तू पत्र लिहीतच नाहीस.

तू त्यांना माफ करावंस असं मी म्हणत नाही. मी स्वतः अजून केलेलं नाही. कधी ताट वाढताना मनात येतं की याच हातांनी माझ्या पोरीला घराबाहेर काढलं, आणि भाजी जरा आपटूनच वाढते. तुलाही तसं वाटेल. वाटू दे. इथं येऊन वाटू दे.

हे पत्र आजच लिहिलं, त्याचं कारण सांगते. काल सकाळी मी वाडीत गेले तर बाबा अलीकडच्या पहिल्या झाडापाशी उकिडवे बसलेले, एक पान उलटून हातात धरलेलं, दुसऱ्या हातात भरलेला गडवा. मला पाहून लहान पोरासारखे म्हणाले, "एक गडवा मारू दे वो. एकच झाड. कोणाले समजते?" मी त्यांचं मनगट धरलं. त्या हातात जोर नव्हता, गडवा आपसूक कलंडला. घरी येऊन म्हणाले, उद्यापासून तू जा, माझा भरवसा नाही. म्हणून आज मी एकटी गेले. पलीकडची धुतली, एकेक पान, त्यांच्यासारखीच, आणि बोटं सोलून घेतली. मग अलीकडे आले. त्या पहिल्या झाडाला शेंड्याशी एकच हिरवं पान उरलं आहे. बादलीत पाणी होतं. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी किती वेळ उभी होते मला माहीत नाही, अंगणवाडीची पोरं शोधत बांधापर्यंत आली. काल त्यांचा हात धरायला मी होते, संघू. आज माझा धरायला तिथं कोणी नव्हतं. आज मी बादली तशीच भरलेली परत आणली. उद्याचं मला सांगता येत नाही. पत्र मिळेल त्या दिवशीची गाडी पकड आणि ये.

तुझीच,
आई